फौजीची गाडी, बाईची गाडी

सूर्यवंशींच्या घरात निर्णय आधी होतो आणि बैठक नंतर बसते. थोरल्या शंभूराजचं लग्न असंच ठरलं, बोअरची जागाही अशीच ठरली, आणि त्या बोअरला पाणी लागलं नाही तेव्हा 'सगळ्यांनी मिळूनच तर ठरवलं होतं' असं म्हणायची सोयही झाली. त्यामुळे रविवारी सकाळी लालासाहेबांनी पोर्चमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडायला सांगून "आज सगळ्यांचं मत घिऊन गाडी ठरवू" असं जाहीर केलं, तेव्हा धाकटी सून क्रांती सावध झाली.

गाडी तिच्यासाठी घ्यायची होती. आटपाडी तालुक्यातल्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात तिची नेमणूक झाली होती आणि उद्या, सोमवारी हजर व्हायचं होतं. कुंडलहून विटा, मग खानापूर, मग भिवघाट आणि पुढं माळामाळानं. एसटीच्या वेळा दवाखान्याच्या वेळांशी कुठंच जुळत नव्हत्या. नवरा जयराज फौजेत, सध्या अरुणाचलात. त्याचा बायकोला पूर्ण पाठिंबा होता, पण तो नेटवर्क असेल तेवढाच वेळ.

सासऱ्यांनी नोकरीला नाही म्हटलं नव्हतं. लालासाहेब सुभेदार म्हणून रिटायर झालेले, शाळेच्या झेंडावंदनाला 'मुली शिकल्या पाहिजेत' म्हणून भाषण करणारे गृहस्थ. ते कशाला नाही म्हणतील? त्यांनी फक्त अट घातली. रोज दिवेलागणीला सून घरात पाहिजे. आणि ज्या दिवशी गाडी वाटेत बंद पडून ती पोचली नाही, त्या दिवसापासून नोकरीही बंद. झालं. मेंढ्याबकऱ्यांच्या मागं हिंडत, माहेरी, दहिवडीच्या उन्हात अभ्यास करत पोरीनं मिळवलेली नोकरी आता एका फॅनबेल्टवर येऊन लटकली होती.

म्हणून क्रांतीनं गाड्यांचा अभ्यासही परीक्षेसारखा केला. गाडी जुनी चालेल, पण रोज चाललेली हवी. पेट्रोलची हवी, साधी हवी, कुठल्याही गावातल्या मेस्त्रीला बॉनेट उघडून कळेल अशी हवी. ॲव्हरेज चांगलं हवं, नाहीतर पगार टाकीत जायचा आणि शंभूदादा भावकीत सांगत सुटायचे, की आमची भावजय गाडीला पोसायला नोकरी करती. आणि मुख्य म्हणजे गाडी छोटी हवी. मोठी गाडी दारात उभी राहिली की ती आपली राहत नाही, भावकीची होते. कुणाचा साखरपुडा, कुणाचा दहावा, कुणाच्या म्हाताऱ्याचा मोतीबिंदू. कुंडलात गाडीचा खरा खर्च पेट्रोलचा नसतोच, पाहुण्यांचा असतो. छोट्या गाडीत माणसं कमी मावतात, हा क्रांतीच्या मते तिचा सगळ्यात मोठा गुण होता. तो तिनं कुणाला बोलून दाखवला नव्हता इतकंच.

तिनं हेरलेली गाडी सकाळीच दारात आली. वीटकरी रंगाची, दाराला पोचा आलेली. ती विट्याच्या सुरय्या मुलाणी मॅडमची होती. मॅडम शिक्षिका, चार-पाच वर्षं रोज विटा ते सांगली जाऊन-येऊन केलेलं, आता बदली गावातच झाल्यामुळं गाडी विकायला काढलेली. मॅडमनी शाळेत तास घ्यावा तसं सगळं सांगून टाकलं.

"क्लच गेल्या साली नवा टाकलाय. एसी उन्हाळ्यात कुरकुरतो. मागचा डावा दरवाजा आतून उघडत नाही, बाहेरून उघडावा लागतो. पण तिनं मला आजवर रस्त्यात कधी उतरवलेलं नाही."

"किती पळालीय?" लालासाहेबांनी विचारलं.

"लाखाला थोडी कमी."

"लाख!" लालासाहेब खुर्चीत मागं रेलले. "आवं, मग ऱ्हायलं काय तिच्यात?"

शंभूराज मिशीला हात लावत पुटपुटला, "सोताच्या गाडीच्या खोडी सोताच सांगतीया बाई. मंजे न सांगितलेल्या किती असतील!"

खरेपणाची ही किंमत. मॅडमनी दरवाजाचं लपवलं असतं तर त्या विश्वासू ठरल्या असत्या. शंभूराजला खरं तर छोटी गाडीच नको होती. त्याला काळ्या काचांची, उंच, डिझेलची गाडी हवी होती; निवडणुका तोंडावर आलेल्या, आणि पंचायत समितीसाठी आपलं नाव चर्चेत आहे असं त्याचं स्वतःचं मत होतं. चर्चा अजून त्याच्या आणि चहाच्या टपरीवाल्याच्या पलीकडं गेली नव्हती.

"आन् पेट्रोल परवडायचं न्हाई हां," तो म्हणाला. "आता त्यात इथेनॉल घालत्यात. ॲव्हरेज पडतंय."

"इथेनॉल आपल्याच उसाचं असतंय न्हवं दादा?" क्रांती म्हणाली. "परवा कारखान्याच्या सभेत तुमीच म्हणला, शेतकऱ्याच्या जिवावर गाड्या पळत्यात म्हणून."

"ती सभा हुती," शंभूराज म्हणाला.

एवढ्यात फाटकातून दुसरी गाडी आत आली आणि क्रांतीला बैठकीचा खरा विषय कळला. चंदेरी रंगाची तीही छोटी पेट्रोल गाडीच होती, पण सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. आतून उतरले लालासाहेबांचे पलटणीतले जुने दोस्त, आटपाडीकडचे बिराप्पा. उतरल्या उतरल्या त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं बॉनेट पुसलं.

"सहा वर्स झाली घिऊन," लालासाहेब सगळ्यांना उद्देशून म्हणाले. आवाजात अशी ऐट, की गाडी त्यांनीच बनवली असावी. "आन् पळालीय किती? आटपाडी ते खरसुंडी, तीबी देवाला. रोज सकाळी उठून बिराप्पा तिला चालू करतो, दहा मिनिटं इंजिन गरम करतो, पुसतो, कव्हर घालतो. याला म्हंत्यात फौजी माणसाची गाडी. काय बिराप्पा?"

"व्हय की," बिराप्पा म्हणाले, आणि पुन्हा बॉनेट पुसू लागले.

सहा वर्षं. क्रांतीनं टायरजवळ बसून रबरावरून बोट फिरवलं. बारीक बारीक भेगा. हे रबर असं, तर आतल्या नळ्या कशा असतील? तिनं वर पाहिलं. सासरे तिच्याकडं बघतच नव्हते.

*

पूजाचं, थोरल्या सुनेचं मत कुणी विचारणार नव्हतं. त्यामुळं ते अगदी पक्कं होतं. क्रांती नोकरीला गेली की धारा, गड्यांचा चहा, दोन वेळचा स्वयंपाक सगळं तिच्या एकटीच्या गळ्यात येणार. तेव्हा गाडी कुठलीही येवो, ती लवकर बंद पडो, अशी तिची सरळ, निष्कपट प्रार्थना होती.

चहा उकळत होता तेव्हा क्रांती स्वयंपाकघरात आली.

"ताई, तुमचं माहेर विट्यात न्हवं?"

"मग? तुला आज कळलं?"

"रोज विट्यावरनंच जायाचं हाय मला. वाटलं कवा तर सकाळी सोडते, संध्याकाळी येताना घेते. दादांच्या मागं लागायची गरजच न्हाई."

पूजानं गॅस बारीक केला. माहेरी जायचं म्हणजे तिला आधी नवऱ्याचा मूड, मग सासूचा उपास, मग गाडीत जागा, एवढं सगळं जुळवून आणावं लागायचं. दिवाळीनंतर ते जुळलं नव्हतं.

"भाकऱ्या कोण थापणार?" ती म्हणाली.

"मी. पहाटं उठून."

"रोज?"

"रोज."

"आन् मला शिकवशील चालवाय?"

"तुमी म्हणाल तवा."

चहाला उकळी येईपर्यंत सूर्यवंशींच्या घरातलं एक मत फिरलं होतं. पूजानं कप भरता भरता खिडकीतून दोन्ही गाड्यांकडं पाहिलं. "मग त्या म्हाताऱ्याची गाडी नगं बाई," ती गंभीरपणे म्हणाली. "शोकेसमधली हाय ती. मला विट्यापतोर तर पोचाय पायजे."

*

दोन्ही गाड्यांची पलूसच्या रस्त्याला एकेक चक्कर झाली. आधी बिराप्पांची. लालासाहेब पुढं बसले, क्रांतीनं चालवली. गाडी धावली, अगदी छान धावली, आणि क्रांती मनातून हिरमुसली. वाईट गाड्या चाचणीत नेहमी चांगल्याच धावतात. "लोण्यावानी," लालासाहेब परत आल्यावर म्हणाले.

मग मॅडमची. या वेळी मागं राहीबाई बसल्या. सासूबाईंना गाडीतलं काही कळत नाही असं घरातल्या सगळ्यांचं मत होतं आणि राहीबाईंनी ते खोडायचे कष्ट कधी घेतले नव्हते. उसाच्या ट्रॉल्या चुकवत क्रांतीनं चक्कर मारून गाडी पोर्चच्या कडेला लावली, तेवढ्यात आतून पूजाची हाक आली, "क्रांती, भाऊजींचा फोन!" क्रांती धावली. पूजानं मॅडमना "या की चहाला" म्हणत आत नेलं. राहीबाईंनी दाराची कडी ओढली. दार ढिम्म.

डावीकडचा, मागचा. त्यांना आठवलं. पलीकडं सरकून उजव्या दारानं उतरावं म्हटलं, तर ते मागचं दार नेमकं पोर्चच्या खांबाला खेटलेलं, वीतभरही उघडेना. हाक मारली असती तर कुणीही आलं असतं. पण राहीबाईंना वाटलं, बसावं जरा. या घरात सून होऊन आल्यापासून दिवसाउजेडी अशी निवांत बसायला जागा त्यांना पहिल्यांदाच मिळाली होती.

काच अर्धी उघडी होती. थोड्या वेळानं पाठीमागं लालासाहेब आणि शंभूराज येऊन उभे राहिले. बिराप्पा समोर नळावर हातपाय धूत होते.

"आबा, घ्या बिराप्पा काकाचीच," शंभूराज हळू आवाजात म्हणाला.

"तुला तर मोठी पायजे हुती न्हवं?"

"पायजेच हाय. पर ऐका. सहा वर्स उभी गाडी ती. महिना-दोन महिने चालंल आन् घाटात बसंल. एकदा बसली की तुमची अट हायच. पोरगी घरी, वादावादी न्हाई, आपण न्हाई म्हणलंच न्हाई. आन् गाडी काय, दुरुस्त करून मी वापरतो, प्रचाराला."

राहीबाई कान देऊन बसल्या. आता ते शंभूला झापतील, असं त्यांना मनापासून वाटलं.

लालासाहेब नुसते खाकरले.

"तुमाला बी काळजी हायच की," शंभूराजनं पुढं रेटलं. "बाईमाणूस, एकटी, भिवघाटात..."

"हूं," लालासाहेब म्हणाले.

एवढंच. पण राहीबाईंना नवऱ्याचा 'हूं' ओळखता येत होता. उभ्या संसारात त्यांच्या वाट्याला तोच जास्त आला होता. हा 'हूं' नकाराचा नव्हता. त्यांना एकदम राग आला, इतका की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाही राग आला. दोघं निघून गेले. जरा वेळानं क्रांती फोन ठेवून बाहेर आली आणि तिनं बाहेरून दार उघडलं.

"अगं बाई, आत्या! हाक तरी मारायची."

"बरं वाटलं गं बसून," राहीबाई म्हणाल्या. "चांगली हाय गाडी. लय शिकाय मिळतं हितं बसलं की."

*

चहा झाला आणि बैठक बसली. लालासाहेब मधल्या खुर्चीत. त्यांना खरंतर ही बैठक लवकर उरकायची होती. गेल्या महिन्यात पलटणीतल्या दोस्ताच्या मुलाच्या लग्नात, जेवणाच्या पंगतीत त्यांनी बिराप्पाला शब्द देऊन टाकला होता. नुसता शब्द नाही, दोघांनी एकमेकांच्या हातावर टाळी देऊन ठरवलं होतं, आणि फौजी माणसं टाळी मोडत नाहीत. सुनेला विचारायचं राहून गेलं होतं. तेवढ्यासाठी तर ही बैठक होती.

आणि शंभूचं मघाचं बोलणं. ते त्यांना आवडलं नव्हतं. पण वाईटही वाटलं नव्हतं, आणि हेच त्यांना टोचत होतं. पोरीची काळजी वाटते हे सरळ सांगण्यापेक्षा अट घालणं त्यांना नेहमीच सोपं गेलं होतं.

"जयराजचं काय म्हणणं?" त्यांनी सुरुवात केली.

"मला म्हणाले, तू म्हणशील तसं," क्रांती म्हणाली.

"मला सकाळी म्हणला, आबा, तुमी म्हणाल तसं," लालासाहेब म्हणाले.

सीमेवर खंबीर उभा राहणारा गडी घरच्या आघाडीवर असा दोन्हीकडून लढत होता. त्याचं मत बाद झालं.

"मग आता मी सांगतो. गाडी बिराप्पाची घ्यायची. एकहाती, फौजी माणसाची, ओरखडा न्हाई. मी शब्द दिलाय."

"कवा?" पूजाच्या तोंडून निघून गेलं. शंभूराजनं तिच्याकडं डोळे वटारले. बायकोचं मत आपल्या खिशात आहे असं तो सकाळपर्यंत धरून चालला होता.

"आबा, एक विचारू?" क्रांती म्हणाली. "सहा वर्सं दावणीला बांधून ठेवलेला बैल तुमी घेतला असता का? औताला कवा जुंपलाच न्हाई, नुसता रोज अंग धुऊन हळदीकुंकू लावलेला?"

"बैल आन् गाडी एक व्हय?"

"एक न्हाई. बैल निदान बसून खातो. गाडी बसली की सडती. टायरला भेगा पडल्यात, बघा हात लावून. मॅडमची गाडी लाखभर पळालीय, कारण ती पळू शकती. मला रोज पळणारीच पायजे."

"शब्द दिलाय म्हणलं ना," लालासाहेब म्हणाले, आणि विषय संपल्यासारखे कप उचलून बघू लागले. कप रिकामा होता.

क्रांतीनं मान खाली घातली. उद्या हजर व्हायचं होतं, आणि ही माणसं तिला अशी गाडी देत होती, जी तिला एक दिवस नक्की परत आणून बसवणार. तिनं मान वर केली तेव्हा आवाज मात्र साफ होता.

"बरं. घ्या काकांची गाडी."

शंभूराजच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"पण मग अट माझी न्हाई. मी निवडलेली गाडी थांबली असती तर मी नोकरी सोडली असती, जबाबदारी माझी हुती. ही तुमी निवडली. ही थांबली तर नोकरी थांबणार न्हाई. जिथं थांबली तिथनं मी फोन करणार, आणि आबा न्हाईतर दादा, कुणीतरी मला न्यायला यायचं. भिवघाटात म्हणा, करगणीत म्हणा. जितक्या वेळा थांबंल तितक्या वेळा."

शंभूराजचं हसू मावळलं. मग तो हळूच म्हणाला, "तसं बघितलं तर बॅटरी जरा जुनीच वाटली मला."

"लोण्यावानी हुती न्हवं?" पूजा म्हणाली.

"मी न्हाई म्हणलं, आबा म्हणले. आन् मी फिरतीवर असतोय रोज, मला कुठं घाटात पाठवता! आबा, रबर बी बघाय पायजे हां. रबराचं लय महत्त्व असतंय."

बघता बघता गड्याला गाड्यांतलं सगळं कळू लागलं. दुसऱ्याची नोकरी टांगलेली असताना जी गाडी ओरखडा नसलेली होती, तिच्यात आता स्वतःची झोप टांगल्यावर दोषच दोष निघायला लागले.

लालासाहेब मात्र हटले नाहीत. "येईन मी न्यायला," ते म्हणाले. "शब्द म्हंजे शब्द."

"लाला," बिराप्पांनी इतक्या वेळात पहिल्यांदा तोंड उघडलं, "ह्ये नोकरीचं काय हाय? अट कसली?"

क्रांतीनं सांगितलं. दिवेलागणीचं, गाडी बंद पडण्याचं, सगळं. बिराप्पा ऐकता ऐकता खुर्चीच्या काठावर आले. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी घाम पुसला.

"गड्या, हे तू मला बोलला न्हाईस. मला वाटलं, देवाला जायाला घेताय गाडी." ते क्रांतीकडं वळले. "पोरी, खरं सांगू? आज हिकडं येताना दोनदा बंद पडली ती. भिवघाटात मेंढक्यांनी ढकलली. मी घाम पुसला, गाडी पुसली, आन् आलो. इज्जतीचा प्रश्न हुता. ह्याच तोंडानं मी सगळ्यांना सांगत फिरलोय, फौजी माणसाची गाडी. मी ती चालवलीच न्हाई, नुसती पुसली. पोराला घेतली हुती, पोरगं पुण्याला गेलं, मला तर क्लचची भीती वाटती." आणि मग लालासाहेबांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "टाळी परत घेतो लाला. तुझ्या शब्दापायी पोरीची नोकरी घालवू नगंस. मी तुझा साब असतो तर बरं झालं असतं, हुकूम तरी मानला असता तू."

मित्रानं शब्दातून सोडवलं, याचा लालासाहेबांना आनंद होता की अपमान वाटत होता, त्यांनाच कळलं नाही.

"ठीक हाय," ते शेवटी म्हणाले. "मॅडम, तुमची गाडी घेतो आमी."

पूजानं क्रांतीला कोपर मारलं. क्रांतीच्या छातीवरचं ओझं उतरतंय न उतरतंय, तोवर लालासाहेब पुढं म्हणाले, "मात्र आता गाडी क्रांतीच्या पसंतीची झाली. मंजे अट हाय तशी. दिवेलागणीला घरात. आन् बंद पडली, तर..."

"न्हाई," राहीबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडं वळले. त्या दाराच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या, सुपात लसूण घेऊन.

"तुला काय कळतंय यातलं?" लालासाहेब म्हणाले.

"गाडीतलं काय कळत न्हाई. पर मघा गाडीत बसलेवते मी, मागं. दार उघडत न्हवतं, काच उघडी हुती."

शंभूराजचा हात मिशीवरच थांबला. लालासाहेबांनी खाली पाहिलं.

"पोरगं काय बोललं ते ऱ्हाऊ द्या. त्याला निवडणूक लढवायचीय, त्याला असलं यायलाच पायजे. तुमी हूं म्हणला, ते मला लागलं." राहीबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "आवं, तुमी जम्मूत हुता, आसामात हुता, राजस्थानात हुता. जयराज झाला तवा तुमी सीमेवर हुता. माझी आई गेली तवा तुमची सुट्टी मंजूर झाली न्हाई. उभी जवानी मी ह्या घरात दिवा लावला आन् वाट बघितली. तुमी कवा दिवेलागणीला घरी आला?"

लालासाहेबांनी रिकामा कप पुन्हा उचलला.

"मी घातली का कवा अट? म्हणलं का, येका दिवशी उशीर झाला तर फौज बंद?"

"ती फौज हुती," लालासाहेब म्हणाले. आवाज नेहमीसारखा निघाला नाही.

"व्हय. आन् ही नोकरी हाय. तुमी बंदूक घिऊन जायचा, ती लस घिऊन जाणार. वाट मी तुमची बघितली, हिची बी बघीन. मला सवय हाय."

सुरय्या मॅडम खाली बघत पदराच्या टोकाला पीळ देत बसल्या होत्या. बिराप्पांनी टॉवेल तोंडावर धरला. लालासाहेब उठले, वीटकरी गाडीपाशी गेले, दाराच्या पोच्यावर हात ठेवून उभे राहिले. वळले तेव्हा त्यांना सगळ्यांसमोर काहीतरी बोलायचं होतं आणि काय बोलावं ते सुचत नव्हतं. सभेत बोलायची सवय घरात उपयोगी पडत नाही.

"क्रांती."

"जी आबा."

"सकाळी कवा निघणार तेवढं सांग," ते म्हणाले. "येण्याचं मी इचारत न्हाई."